उपवासकाळातला शिरपेच

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ जवळ आला की आमच्या चर्चच्या मंडळीत कोण काय सोडणार याची चर्चा सुरू होते. कुणी मटण सोडतं, कुणी चहा सोडतं. आमच्या इंदुताई दरवर्षी राग सोडतात आणि पहिल्याच आठवड्यात परत धरतात. यंदा मी बोलणं सोडायला हवं होतं. सगळीकडे नाही, निदान चर्चच्या पंच कमिटीसमोर तरी.

त्या रविवारी दापोडीच्या आमच्या चर्चमध्ये उपासना संपल्यावर कमिटी बसली होती. आमचे पाळक प्रितमसाहेब वयानं लहान आहेत, गिटार वाजवतात आणि त्यांना सारख्या नव्या कल्पना सुचतात. उपवासकाळात दर गुरुवारी कुणा ना कुणाच्या घरी सभा असते आणि तिथं पाळक बोलतात. यंदा त्यांनी ठरवलं की साध्या सभासदांनी बोलायचं. "पहिला गुरुवार कोण घेणार?" असं त्यांनी विचारताच सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आयुष्य काढलेला माणूस. असा प्रश्न आला की चपलांकडे बघण्याचा माझाही चांगला सराव आहे. पण त्या दिवशी कोणतं भूत अंगात शिरलं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "मी घेतो. संगीत नाटकाच्या पदांमधून विश्वासाचे धडे."

बाहेरून एक मालगाडी गेली. ती पूर्ण जाईपर्यंत सगळे चपलांवरून नजर उचलून माझ्याकडे बघत राहिले.

"नाटकाच्या?" इंदुताई म्हणाल्या. "उपवासकाळात?"

"संगीत शिरपेच," मी म्हणालो. जणू नाव सांगितल्यानं प्रकरण सौम्य होणार होतं.

ज्यांना हे नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक राजा असतो. तो मद्य पिऊन दरबारात येतो आणि आपला शिरपेच चोरीला गेला म्हणून आकांत करतो. प्रधानाला तुरुंगात टाकतो, राणीवर संशय घेतो, शेजारच्या राज्यावर स्वारी करायला निघतो. शिरपेच सबंध तीन अंक त्याच्या डोक्यावरच असतो. ते त्याला सांगण्याची कुणाची हिंमत होत नाही. एवढंच कथानक आहे. बाकी सगळी पदं. ती माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, तोंडपाठ होती. दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत मी पाळण्यातल्या अंगाईऐवजी शिरपेच ऐकत मोठा झालो.

पण खरं कारण नाटक नव्हतं. खरं कारण माझी आई होती.

माझी आई सोजरबाई ही आमच्या चर्चचा आवाज होती. पेटी बिघडली तर उपासना चालायची, पाळक रजेवर गेले तरी चालायची, पण सोजरबाई आजारी असली की मंडळी पहिल्या कडव्यातच भरकटायची. मागल्या वर्षी दादा गेले. त्यांच्या मातीच्या वेळी कबरस्तानात मंडळीनं आमचं नेहमीचं गीत म्हटलं, 'मेंढरू हरवले घरी आले, आज घरी आले.' मातीला आम्ही हेच म्हणतो. आई तोंडाला पदर लावून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. त्या दिवसापासून ती चर्चला आली नाही. गाण्याचा एक सूरही तिनं काढला नाही. विचारलं की "गुडघे" म्हणायची. तिला आम्ही चिंचवडला आमच्या सोसायटीत घेऊन आलो. इथं ती लिंबाचं लोणचं द्यायला जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर जायची, तेव्हा गुडघे कुठे असायचे देव जाणे.

त्या मातीच्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. दादांचा चष्मा सापडत नव्हता, एवढं आठवतं. चष्म्याशिवाय दादांना पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी घर उलटंपालटं केलं, नातेवाइकांवर ओरडलो, मारुतमामांचे खिसे तपासले. शेवटी कबरस्तानात कुणाला तरी तो सापडला आणि प्रितमसाहेबांनी तो दादांच्या खिशात ठेवला. बाकी सगळं धुरकट आहे.

तर वर्षभरात आईची मान एकदाच हलली. मी मोबाइलवर शिरपेचचं जुनं रेकॉर्डिंग लावलं होतं. ती भाजी निवडत होती, तिची मान डोलायला लागली आणि बोटं ताल धरायला लागली. मी बघतोय असं लक्षात आल्यावर थांबली. मला वाटलं, आई चर्चला जात नसेल तर चर्चच आईकडे आणावं, शिरपेचच्या पाठीवर बसवून. तिनं एकदा मंडळीत बसून तोंड उघडलं की झालं. तेवढ्यासाठी मी एक गुरुवार काय, सगळा उपवासकाळ अंगावर घ्यायला तयार होतो. कमिटीला हे सांगता येत नव्हतं, म्हणून मी नुसता नाटकवेडा ठरलो.

घरी आल्यावर बायकोला, विजयश्रीला, सांगितलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य कधी उमटत नाही. "किती धडे?" तिनं विचारलं.

"पाच."

"अभ्यास केलायस?"

"मला सगळी पदं पाठ आहेत."

"चाली पाठ आहेत," विजयश्री म्हणाली आणि उत्तरपत्रिका तपासायला लागली.

संसारात काही वाक्यं अशी असतात की ती ऐकल्याबरोबर खरी आहेत हे कळतं आणि मान्य करायला आठवडा लागतो. मी वही घेऊन बसलो. आमच्या नाट्यसंगीताची गंमत अशी की गवई पहिली ओळ घेतो आणि तिच्यातच वीस मिनिटं रमतो. दुसरी ओळ आहे की नाही याची श्रोत्यांना काळजी नसते. मी आयुष्यभर ज्या पदावर डोळे मिटून मान डोलावली, त्याचे शब्द पहिल्यांदाच नीट लिहून काढले, तर त्यात राणी आपल्या सवतीला 'पाल मेली भिंतीवरली' म्हणत होती. दुसऱ्या पदात, जे मी लग्नानंतर विजयश्रीला भावपूर्ण आवाजात म्हणून दाखवलं होतं, तुरुंगाचा पहारेकरी ढेकणांना उद्देशून गात होता. त्यातून विश्वासाचा धडा काढायचा म्हणजे दगडाला पाझर फोडण्यासारखं होतं.

कंपनीच्या बसमध्ये मी हेच काम करू लागलो. चाकणच्या चौकात बस अडकली की माणसाला आत्मचिंतनाला भरपूर वेळ मिळतो. शेजारी आमच्या पेंटशॉपचे ज्योतीरामभाऊ बसतात, मूळचे लातूरकडचे. त्यांनी वहीत डोकावून विचारलं, "काय चाललंय साहेब, ऑडिटाय का?"

मी सांगितलं.

"ढेकूण म्हणजे पाप धरा की," ज्योतीरामभाऊ म्हणाले. "रात्री चावतंय, दिवसा दिसत नाय. काय अवघडाय त्यात?"

हा पहिला मुद्दा झाला. सांगायला लाज वाटते, पण शेवटपर्यंत पाचांतला तोच त्यातल्या त्यात धड राहिला.

खरा गोंधळ शेजारून आला. आमच्या वरच्या मजल्यावर हरिहरराव राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, घरात पेटी, आणि नाट्यसंगीत आपल्यानंतर कुणाला कळणार नाही अशी कायमची चिंता. आईच्या लोणच्याच्या बरणीबरोबर माझी बातमी त्यांच्याकडे पोहोचली आणि ते बरणी परत करायच्या निमित्तानं खाली आले ते तासभर उठले नाहीत.

"आढाव, तुम्ही शिरपेच करताय आणि मला सांगत नाही? पेटी कोण वाजवणार? गिटार? शिरपेचला गिटार?" त्यांनी कानाला हात लावले. "आणि हे घरात नाही व्हायचं. पदाला मोकळी जागा लागते. क्लब हाउस घ्या."

मी म्हणालो की ही प्रार्थना सभा आहे, दहाबारा माणसं येतील. पण हरिहररावांनी तोपर्यंत चार मजल्यांवर सांगून ठेवलं होतं. इकडे चर्चमध्येही आढाव काय दिवे लावतो हे बघायला एरवी घरसभेला न येणारे लोक पत्ता विचारू लागले. आमच्या छोट्या हॉलमध्ये एवढी माणसं बसवायची तर सोफा गॅलरीतून खाली सोडावा लागला असता. मी मुकाट्यानं क्लब हाउसच्या मागे लागलो.

सोसायटीचा सेक्रेटरी रविराज हा हिंजवडीत नोकरी करणारा हसतमुख मुलगा आहे आणि त्याला भेटणं अशक्य आहे. "काका, ॲपवर रिक्वेस्ट टाका ना," एवढंच तो लिफ्टचं दार बंद होता होता म्हणतो. मी ॲप उघडलं. कार्यक्रमाच्या प्रकारात धार्मिक हा पर्यायच नव्हता. नवरात्रात आरतीच्या वेळेवरून ए आणि बी विंगमध्ये हातघाईची वेळ आली होती, तेव्हापासून क्लब हाउसमध्ये धार्मिक कार्यक्रम बंद होते. उरले होते वाढदिवस, सभा, झुंबा आणि सांस्कृतिक. प्रार्थनेला झुंबा म्हणणं मला पटेना. मी सांस्कृतिकवर बोट ठेवलं. त्याबरोबर ॲपनं आपल्या बुद्धीनं सगळ्या सोसायटीला निरोप पाठवला: 'संगीत शिरपेच. नाट्यपदांची बहारदार मैफल. आयोजक श्री. निरंजन आढाव. अल्पोपाहाराची सोय आहे.' अल्पोपाहाराच्या चौकोनात खूण आधीच केलेली असते आणि ती आपण काढायची असते, हे मला नंतर रविराजनं लिफ्टचं दार बंद होता होता सांगितलं.

त्याच संध्याकाळी इंदुताईंनी चर्चच्या ग्रुपवर टाकलं: 'गुरुवारी बंधू निरंजन आढाव यांच्याकडे आत्मिक सभा. सर्वांनी उपास धरून यावे. पिण्याचे पाणी मिळेल.'

दोन्ही निरोप विजयश्रीनं मला एकाखाली एक वाचून दाखवले. मग वडे घरी करायचे की बाहेरून आणायचे एवढंच तिनं विचारलं.

सभेच्या आदल्या शनिवारी इंदुताई पदं तपासायला आल्या. त्या कमिटीच्या सदस्य, आईच्या बालमैत्रीण, आणि मला लहानपणी रविवारच्या शब्बाथ शाळेत कान धरून शिकवलेल्या. अशा माणसापुढे साठीला आलेला गृहस्थही अर्ध्या चड्डीत असतो. नेमके हरिहररावही पेटी घेऊन तालमीला आले. आई बाजूला बसून मटार सोलत होती.

मी एकेक पद वाचत गेलो आणि इंदुताई एकेक काढत गेल्या. "सवत नको. आपल्यात सवत नसते."

"पण मुद्दा मत्सराचा आहे," मी म्हणालो.

"मत्सर सवतीशिवाय सांग. पुढचं?"

पुढच्यात शृंगार होता, त्याच्या पुढच्यात स्वारी. नांदीत गणपती होता, तेव्हा तिचा प्रश्नच नव्हता. हरिहरराव लाल होत चालले होते. "अहो बाई, तुम्ही नाटक कापताय की भाजी?"

"आम्हाला पण गाणं कळतं," इंदुताई म्हणाल्या. "आमच्या जुन्या भजनांच्या चाली कुठनं आल्या असं वाटतं तुम्हाला? लोकांच्या तोंडी जी चाल असायची, मग ती जात्यावरची असो नाहीतर नाटकातली असो, ती धरायची आणि आपले शब्द बसवायचे. कुठली चाल कुठली, हे आता कुणाला ठाऊक नाही."

यावर हरिहरराव म्हणाले, "चाली नाटकाच्या असत्या तर मला ओळखू आल्या असत्या, गेल्या ख्रिसमसला मी तुमच्या चर्चला आलो होतो." त्यांचाही दोष नाही. आमची मंडळी कोणतंही गीत इतक्या सावकाश ओढते की चाल तिच्या जन्मदात्यालाही ओळखू येऊ नये. आनंदाची गाणीसुद्धा आम्ही मातीच्या चालीवर म्हणतो, आणि मातीची कशी म्हणतो ते विचारू नका.

"ते राहू द्या," हरिहरराव म्हणाले. "पण राजाचं पद कापायचं नाही. ते म्हणजे नाटकाचा प्राण." आणि त्यांनी पेटीवर झपझप सुरावट धरली, "शिरपेच डोईचा कुणी नेला, सांगा कुणी नेला..."

"दारुड्याचं गाणं?" इंदुताई उठून उभ्या राहिल्या. "उपवासकाळात?"

आणि त्याच वेळी आई मटाराचं ताट तसंच ठेवून, पदर तोंडाला लावून, आत निघून गेली. तिचे खांदे हलत होते. हे पद दादा दिवसातून दहादा म्हणायचे. आपण तिची जखम उघडी केली, असं मला वाटलं. मी हात जोडून हरिहररावांना सांगितलं, बाकी काय वाटेल ते वाजवा, पण हे पद या घरात पुन्हा नको. त्यांनी पेटी बंद केली. रात्री आईला मी विचारलं, "गुरुवारी खाली येशील ना?"

"बघू," आई म्हणाली. "गुडघे."

गुरुवार उजाडला. त्याचं वर्णन करायला मला आजही बळ गोळा करावं लागतं. क्लब हाउसमध्ये डाव्या बाजूला सोसायटीची माणसं बसली, ती नटूनथटून, मुलाबाळांसकट आणि भूक ठेवून आलेली. उजव्या बाजूला आमची मंडळी, पांढऱ्या साड्या, हातात पवित्र शास्त्र, आणि दिवसभराच्या उपासानं उतरलेले चेहरे. मधोमध वड्यांची परात. वाऱ्याची झुळूक नेमकी डावीकडून उजवीकडे येत होती. आई आली होती, हे एक बरं झालं. पण ती दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसली होती, उठून जायला सोपं पडेल अशी.

प्रितमसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि डावीकडच्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला मोठ्यानं विचारलं, "ही नांदी का?" प्रार्थना संपल्यावर उजवीकडून "आमेन" आणि डावीकडून टाळ्या आल्या. मग मी माइक हातात घेतला. तो रविराजचा कराओकेचा माइक होता आणि त्याच्यातला घुमारा कसा बंद करायचा हे फक्त रविराजला माहीत होतं. रविराज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये होता.

"विश्वासाचा पहिला धडा," मी म्हणालो.

"धडा धडा धडा," माइक म्हणाला.

मी ढेकणाचा मुद्दा मांडला. "पाप हे ढेकणासारखं असतं" हे वाक्य चार वेळा घुमलं, आणि एक लहान मुलगी रडायला लागली. दुसरा मुद्दा मत्सराचा होता. सवतीशिवाय मत्सर सांगता सांगता मी इतका अडखळलो की मत्सर कुणाला कुणाचा वाटतो हेच मला आठवेना. चष्मा घामानं घसरत होता. डावीकडचे दोघंतिघं वड्यांच्या दिशेनं सरकले. उजवीकडे खोकले सुरू झाले. आमच्यात खोकला म्हणजे आवरा. मी आईकडे पाहिलं. ती पायात चपला सरकवत होती.

माझा धीर सुटला. वर्षभर वाट बघितली, एवढा उपद्व्याप केला, आणि ती मी ढेकूण-ढेकूण करत असताना उठून चालली होती. मला रडू आलं असतं, पण माइक हातात होता आणि ते घुमलं असतं.

हरिहररावांनाही हे बघवेना. पण त्यांना बघवेना ते नाट्यसंगीताच्या बाजूनं. "पुरे!" ते म्हणाले, आणि मी हात जोडून सांगितलेलं न जुमानता त्यांनी पेटी ओढली. "शिरपेच डोईचा कुणी नेला, सांगा कुणी नेला..." आवाज बेताचा, पण ताल पक्का. डावीकडच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. इंदुताई उठल्या. आणि दाराजवळ आई पदरात तोंड खुपसून गदागदा हलायला लागली.

मी धावलो. माझ्या आधी इंदुताई पोहोचल्या आणि त्यांनी आईला कवटाळलं. पेटी थांबली. "सोजर, रडू नको," इंदुताई म्हणाल्या. "हा माणूस काय वाजवतोय त्याचं त्याला कळत नाही."

आईनं मान वर केली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. साधं नाही, पोट धरून हसत होती.

"सोड गं इंदे," ती म्हणाली. "त्या दिवशीपण तू अशीच कवटाळलीस म्हणून वाचले. न्हाईतर कबरस्तानात सगळ्यांम्होरं हसले असते."

कुणाला काही कळेना. आई खुर्चीवर टेकली. वर्षभराचं तोंड उघडलं ते थांबेना.

"तुमचं ते मेंढरू हाय ना, मातीला म्हणता ते? त्याची आन् ह्या शिरपेचाची चाल एकच हाय. दादांनीच मला दावलं, लगीन झाल्यावर. मी चर्चात मेंढरू म्हणायची, हे घरी शिरपेच म्हणायचे. चष्मा हरवला की तेच. कपाळावर चष्मा असायचा आन् घरभर म्हणत फिरायचे, शिरपेच डोईचा कुणी नेला. मी सांगायची न्हाई. त्यांनी मुद्दाम चढवलेला असायचा." तिनं डोळे पुसले. "मग त्या दिवशी तुमी मेंढरू सुरू केलं, रडत रडत, असं लांब ओढून. मी म्हटलं, आता रडावं. म्हणून वर बघितलं तर समोर हा उभा." हा म्हणजे मी. "पुस्तक हातात, डोळ्यांला धार लागलेली, एक चष्मा नाकावर... आन् बापाचा चष्मा डोक्यावर!"

क्लब हाउसमध्ये पहिल्यांदाच डावी आणि उजवी बाजू एकत्र हसली. मी वळून प्रितमसाहेबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून गिटारची तार पिळत होते.

"पाळकसाहेब, तो चष्मा कुठे सापडला होता?"

"आढावसाहेब," ते म्हणाले, "गीत संपल्यावर मी तुमच्या डोक्यावरून काढला. तुम्ही फार दुःखात होता. कुणाची सांगायची हिंमत झाली नाही."

म्हणजे अख्ख्या मंडळीला वर्षभर माहीत होतं. मारुतमामांना माहीत होतं, ज्यांचे मी खिसे तपासले. विजयश्रीला? मी तिच्याकडे पाहिलं. ती वडे नीट लावून ठेवत होती.

"मग आई, चर्च का सोडलंस?" मी विचारलं.

तिचं हसू हळूहळू ओसरलं. "लाज वाटली रे. नवरा शवपेटीत आन् बायको हसतीय. देवाला काय तोंड दावायचं? आन् मेंढरू ते मेंढरूच. चर्चात गेले की पुन्हा कधी ना कधी म्हणणारच तुमी. मला पुन्हा हसू येणार. त्यापेक्षा गुडघे बरे."

माझ्या खिशात तीन मुद्दे शिल्लक होते, त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता. प्रितमसाहेब पुढे आले आणि आईसमोर उकिडवे बसले.

"आजी, त्या गीताचे शब्द काय आहेत?"

"मेंढरू हरवले घरी आले."

"घरी आले ना? मग रडत होतो ते आम्ही चुकत होतो," ते म्हणाले. "गीताप्रमाणे तुम्ही एकट्याच बरोबर होतात."

आईनं नाक पुसलं आणि हरिहररावांना म्हणाली, "भाऊ, काळी दोनची पट्टी धरा. आन् तुमी गाऊ नका."

हरिहररावांनी मुकाट्यानं काळी दोन धरली. आईनं आधी राजाचं पद म्हटलं, दादा म्हणायचे तसं, डोलत, एक हात कपाळाशी नेऊन. आवाज चिरकला, मग लागला. कबरस्तानातल्या दिवसापासून मी जो आवाज शोधत होतो तो दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवरून येत होता. मी परातीशेजारी खाली बसलो.

पद संपल्यावर डावीकडून हरिहररावांच्या वयाच्या एका आजोबांनी हात वर केला आणि नाटकगृहात ओरडावं तसे ओरडले, "वन्स मोअर!" आमची मंडळी दचकली. चर्चमध्ये कुणाला वन्स मोअर मिळाल्याची नोंद नाही. इंदुताई काही बोलणार, एवढ्यात आईनं पुन्हा तीच चाल, त्याच झपाट्यानं सुरू केली. शब्द मात्र आमचे होते. "मेंढरू हरवले घरी आले, आज घरी आले..." उजवीकडची एकेक म्हातारी धरत गेली. इतक्या वेगानं ते गीत कुणी कधी म्हटलेलं नव्हतं, निम्म्यांचा श्वास पुरेना. दुसऱ्या कडव्यात इंदुताई टाळी वाजवायला लागल्या. तिसऱ्यात त्यांनी परातीतला एक वडा उचलला, पण ते मी कमिटीत सांगितलेलं नाही.

सभा संपली. सोसायटीकडून मला दोन नोटिसा आल्या, एक सांस्कृतिकच्या नावाखाली धार्मिक कार्यक्रम केल्याबद्दल आणि दुसरी वडे कमी पडल्याबद्दल. पंच कमिटीनं समज दिली आणि त्याच बैठकीत उरलेले सगळे गुरुवार माझ्या नावावर टाकले. हरिहरराव पेटी आमच्याकडेच ठेवून गेलेत, आता रोज तालमीला येतात. मी थकलोय. ढेकणाच्या मुद्द्यावर ज्योतीरामभाऊ बसमध्ये अजून सुधारणा सुचवतात.

रविवारी सकाळी मी उठलो तर आई पांढरी साडी नेसून दारात तयार. गुडघ्यांबद्दल मी चकार शब्द काढला नाही. दापोडीला पोहोचलो तेव्हा उपासना सुरू झाली होती. ती सरळ पुढे गेली, आपल्या जुन्या बाकावर बसली. प्रितमसाहेबांनी गिटार बाजूला ठेवली आणि पेटीवाल्याला खूण केली. मातीचा प्रसंग नसताना मंडळीनं मेंढरू धरलं, सवयीप्रमाणे सावकाश, आणि पहिल्याच ओळीला आईनं सगळ्यांना वेगात पुढे ओढलं.

दुसऱ्या ओळीला अख्ख्या मंडळीनं वळून माझ्या डोक्याकडे पाहिलं. मी हात वर नेऊन चाचपून घेतलं. काही नव्हतं.

आईनं मात्र मागं वळून पाहिलं नाही. ती गात होती.